कंट्रोलची रेघ

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या नावाचा अर्थच घाटावरचा मुलूख. खाली वैनगंगेच्या अंगाचा धानाचा पट्टा आहे: वारासिवनी, लांजी, किरनापूर. या पट्ट्यातला माणूस मोठ्या आजारासाठी सरळ गोंदिया किंवा नागपूर गाठतो. घाट चढून वर गेले की बैहर, बिरसा, परसवाडा हा सालाच्या जंगलाचा, गोंड आणि बैगा वस्त्यांचा भाग लागतो. इथे एखाद्याला थंडी वाजून ताप भरला तर त्याची पहिली गाठ पडते ती गावातल्या आशा कार्यकर्तीशी आणि तिच्या पिशवीतल्या हिवतापाच्या किटशी. बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, वर द्रावणाचे थेंब सोडायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. देशाच्या हिवताप कार्यक्रमाने 2013 मध्ये फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे दोन्ही प्रकार ओळखणारी पट्टी स्वीकारली. तेव्हापासून दुर्गम गावांत सूक्ष्मदर्शकाचे काम मुख्यतः ही पट्टीच करते. औषध तिच्या निकालावर ठरते, कारण दोन्ही प्रकारांची औषधे वेगळी आहेत. म्हणजे कागदाच्या या तुकड्यावर एका माणसाचा जीव आणि त्याच्यामार्फत अख्ख्या वस्तीतला डासांचा फेरा अवलंबून असतो. अशी पट्टी म्हणजे कायद्याच्या भाषेत वैद्यकीय उपकरण. व्हेंटिलेटर, हृदयातला स्टेंट, सलाईनची नळी आणि ही पट्टी एकाच नियमावलीखाली येतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

पट्टीची रचना समजून घेण्याजोगी आहे. एका विशिष्ट कागदावर प्रतिपिंडांच्या दोन-तीन अदृश्य रेघा ओढलेल्या असतात. रक्तातला परजीवी जी प्रथिने सोडतो ती रंगीत सूक्ष्मकणांना चिकटून पुढे वाहत येतात आणि आपल्या रेघेवर अडकतात. मग ती रेघ उमटते. सर्वांत वरची रेघ मात्र आजाराची नसते. तिला कंट्रोलची रेघ म्हणतात. ती उमटली नाही तर चाचणी बाद. ती उमटली म्हणजे द्रावण पट्टीभर वाहिले आणि रंगीत कण शेवटपर्यंत पोहोचले, एवढेच सिद्ध होते. आजार ओळखणाऱ्या खालच्या रेघेतली प्रतिपिंडे अजून कामाची आहेत की उन्हाने निकामी झाली, हे कंट्रोलची रेघ सांगत नाही. बालाघाटचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओलसर असते. बहुतेक पट्ट्यांच्या पाकिटावर साठवणुकीची मर्यादा 30 किंवा 40 अंश छापलेली असते. पत्र्याच्या छपराखालच्या स्टोअरमध्ये पडून राहिलेली पट्टी अगदी चांगली दिसते, कंट्रोलची रेघ ठसठशीत दाखवते आणि हिवताप असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणून घरी पाठवते. व्हायवॅक्स ओळखणारा भाग तर फाल्सिपेरमच्या भागापेक्षा सहसा जास्त नाजूक असतो. आशाताईला ही चूक कळण्याचा काहीच मार्ग नाही.

मग ही चूक पकडायची कोणी? पहिले उत्तर ओठांवर येते ते कायद्याचे. भारतात वैद्यकीय उपकरणांवर कायद्याची नजर फार उशिरा वळली. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा मुळात गोळ्या-औषधांचा. 1989 मध्ये एकदा वापरून टाकायच्या सिरिंज आणि सुया त्यात ‘औषध’ म्हणून घेतल्या गेल्या, 2005 मध्ये स्टेंट आणि हाडांत बसवायचे भाग आले. स्वतंत्र वैद्यकीय उपकरण नियम जानेवारी 2017 मध्ये अधिसूचित झाले आणि 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. त्यांनी उपकरणांचे धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग पाडले. पाचव्या अनुसूचीत कारखान्याची गुणवत्ता व्यवस्था कशी असावी ते लिहिले आणि त्यासाठी आयएसओ 13485 या आंतरराष्ट्रीय मानकाचा साचा वापरला. कच्चा माल कोणाकडून घ्यायचा आणि त्या पुरवठादाराची पारख कशी करायची, प्रत्येक बॅचच्या नोंदी कशा ठेवायच्या, तक्रार आली तर काय करायचे, सदोष माल बाजारातून परत कसा बोलवायचा, हे सगळे त्यात आहे. फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने जवळजवळ सगळीच उपकरणे या छत्राखाली आणली. परवान्याची सक्ती ए आणि बी वर्गांना ऑक्टोबर 2022 पासून आणि सी व डी वर्गांना ऑक्टोबर 2023 पासून लागली. हा प्रवास छोटा नाही आणि त्याला कमी लेखण्याचे कारणही नाही. पण या नियमांची नजर नीट पाहिली तर ती मुख्यतः कारखान्याच्या दारावर खिळलेली दिसते. परवाना सांगतो की या जागी, या माणसांना, या पद्धतीने चांगला माल बनवता येतो. बैहरच्या स्टोअरमध्ये आज पडलेले खोके चांगले आहे की नाही, हे परवान्यातून कळत नाही. परवाना ही एका अर्थी कंट्रोलचीच रेघ आहे.

कारखान्याच्या दारावरची नजरही किती आत जाते, हा प्रश्न युरोपात फार महागात पडला. फ्रान्समधील पीआयपी ही कंपनी स्तनरोपणाच्या पिशव्यांत वैद्यकीय दर्जाऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरत होती. 2010 मध्ये हे उघडकीस आले. तिच्या गुणवत्ता व्यवस्थेची तपासणी एक नामांकित जर्मन संस्था वर्षानुवर्षे करत होती. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले तेव्हा फेब्रुवारी 2017 मध्ये निकाल लागला तो असा: अघोषित भेट देणे, उपकरण प्रत्यक्ष तपासणे किंवा कंपनीची हिशेबाची कागदपत्रे चाळणे असे सरसकट बंधन त्या तपासणी संस्थेवर नव्हते, संशयाला जागा देणारा पुरावा समोर आला असता तर गोष्ट वेगळी. किती सिलिकॉन विकत घेतले आणि किती पिशव्या विकल्या, हा साधा किराणा दुकानदाराचा ताळा कुणी मांडला असता तर! युरोपने पुढे नियम कडक केले आणि अघोषित भेटी आणल्या. प्रमाणपत्र देणारा जे पाहायला बांधलेला नाही ते विकत घेणाऱ्याला पाहता येते, कारण पैसे त्याच्या हातात असतात. ही सत्ता ज्या कागदातून येते तो कागद म्हणजे खरेदीचा करार.

माझे म्हणणे थोडक्यात असे: बालाघाटसारख्या जिल्ह्यात उपकरणाची गुणवत्ता प्रत्यक्षात नियमावलीपेक्षा खरेदी करारातून ठरते, आणि म्हणून गुणवत्तेचे नियम करारात कलमागणिक उतरले पाहिजेत. ‘पुरवठादाराने सर्व लागू कायद्यांचे पालन करावे’ हे प्रत्येक टेंडरात असणारे वाक्य इथे कामाचे नाही. ते वाहिलेल्या द्रावणासारखे आहे, असते आणि काही सांगत नाही. हिवतापाच्या पट्टीच्या बाबतीत उपयोगी कलम कसे दिसते याचा नमुना जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिला आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 200 परजीवी असलेल्या नमुन्यांवर पट्टीने किमान 75 टक्के गुण मिळवावेत, खोटे ‘आहे’ 10 टक्क्यांपेक्षा कमी असावे, बाद चाचण्या 5 टक्क्यांपेक्षा कमी. एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे 50 लाख तांबड्या पेशी असतात; म्हणजे पंचवीस हजारांत एक परजीवी शोधायचा आहे. त्याच्या पुढचे पाऊल लॉट तपासणीचे: एका खेपेतल्या पट्ट्या स्वतंत्र प्रयोगशाळेत आधी जायच्या, तिथला निकाल आला की मगच माल निघायचा. हे करारात असेल तर पुरवठादाराला ते पाळावे लागते, कारण त्याशिवाय बिल मंजूर होत नाही. आणि आपला माल जिथे वापरला जाणार आहे ती जागा कशी आहे, हेही करारात सांगता येते. 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 16 अशा वेळी मदतीला येते. वस्तू कोणत्या कामासाठी हवी हे खरेदीदाराने विक्रेत्याला कळवले असेल आणि तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असण्याची अट न लिहिताही करारात धरली जाते. ‘वीज नसलेल्या उपकेंद्रात, 40 अंशांवरच्या उन्हाळ्यात, पावसाळी ओलीत साठवणूक’ असा एक परिच्छेद टेंडरात घातला की पुढे ‘तुमच्याकडे स्टोअर नीट नव्हते’ म्हणून हात झटकणे विक्रेत्याला अवघड जाते.

याच कायद्यातले कलम 42 मात्र खरेदीदाराच्या अंगावर येणारे आहे. माल नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे मानले जाते. सरकारी खरेदीत सही एकीकडे होते आणि खोके दुसरीकडे उतरते. मध्य प्रदेशात आरोग्य विभागाच्या खरेदीसाठी भोपाळला स्वतंत्र सार्वजनिक महामंडळ आहे. माल ज्याच्या हाती पडतो तो जिल्ह्याचा स्टोअरकीपर किंवा घाटावरचा वैद्यकीय अधिकारी करारात फक्त ‘माल पोहोचवायचा पत्ता’ म्हणून येतो. त्याने खोके उघडून किती दिवसांत काय पाहायचे, दोष दिसला तर कोणाला कळवायचे आणि त्याच्या एका पत्राने बिल थांबते की नाही, हे लिहिलेले नसेल तर कायदा त्याच्या मौनाचा अर्थ होकार असा लावायला मोकळा आहे.

हे मौन काय करते, ते 2021 च्या मे महिन्यात मराठवाड्यात दिसले. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला कोविडच्या दुसऱ्या लाटेत केंद्राकडून 150 व्हेंटिलेटर आले. त्यांतले काही तिथे राहिले, काही खासगी रुग्णालयांना, काही शेजारच्या जिल्ह्यांना गेले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आलेल्या अहवालानुसार वापरात आणलेली 113 यंत्रे सदोष निघाली आणि 37 खोकी उघडलीच गेली नव्हती. केंद्राच्या बाजूने सूर असा लागला की दोष यंत्रांचा नसून वापरणाऱ्यांचा आहे. न्यायालयाला हा पवित्रा रुचला नाही. दिल्लीहून डॉक्टर येऊन यंत्रे पाहून गेले आणि जूनमध्ये खंडपीठाने बजावले की मोठी दुरुस्ती केलेल्या व्हेंटिलेटरचा प्रयोग रुग्णांवर होऊ देणार नाही. तशी यंत्रे परत जावीत आणि वॉरंटीनुसार बदलून मिळावीत. या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटतो तो 37 चा आकडा. बंद खोके चांगले की वाईट, कुणालाच ठाऊक नव्हते. वादही पाहा कशावर झाला: ऑक्सिजनचा दाब, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, यंत्र कोणी बसवले. हे सगळे मुद्दे यंत्र येण्याआधी एका पानावर लिहून, यंत्र बसवताना दोन्ही बाजूंच्या सह्यांनी तपासता आले असते. ते न झाल्याने तपासणीचे काम न्यायालयाला करावे लागले.

इथे एक हरकत रास्त आहे. त्या काळात व्हेंटिलेटरला परवान्याची सक्तीच नव्हती. आज ती आहे, मग हे उदाहरण कालबाह्य नाही का? अर्धे आहे, हे मान्य. आज असे यंत्र परवान्याशिवाय बनवता येत नाही आणि त्यामुळे काही दोष कारखान्यातच अडतील. पण परवाना असता तरी 37 खोकी बंदच राहिली असती, आणि ऑक्सिजनच्या नळीतला दाब कोणी मोजायचा हा प्रश्न तसाच उरला असता. परवान्याच्या मर्यादेचे ताजे उदाहरण तर बालाघाटपासून एकच जिल्हा पलीकडे, छिंदवाड्यात आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासिया भागातली वीसहून अधिक मुले एका खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. औषध तामिळनाडूतल्या परवानाधारक कारखान्यात बनले होते आणि तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष 48.6 टक्के सापडले, मुभा 0.1 टक्क्याची असते. ते औषध होते, उपकरण नव्हते, आणि ते खासगी दुकानांतून विकले गेले होते. म्हणजे त्या बाटल्यांकडे बॅचनुसार पाहणारा कोणताही मोठा खरेदीदार मध्ये नव्हताच.

दुसरी हरकत पैशाची, आणि ती अधिक वजनदार आहे. कलमे वाढली की दर वाढतो, छोटा उत्पादक टेंडरमधून बाहेर पडतो आणि गरीब राज्याला तेवढ्याच पैशांत कमी माल मिळतो. सरकारी खरेदीचा पाया एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, हा आहे. अटी पाळून महाग पडणारा त्यात टिकत नाही, हेही खरे. पण इथे तामिळनाडूचाच दुसरा अनुभव पाहावा लागतो. तिथल्या वैद्यकीय सेवा महामंडळाची स्थापना 1994 ची. औषधांची प्रत्येक बॅच कंपनीचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांक देऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायची आणि निकाल आल्यावरच जिल्ह्यांना वाटायची, ही पद्धत त्यांनी रुजवली. तरीही ते महामंडळ देशात ओळखले गेले ते स्वस्त खरेदीसाठी. कारण उघड आहे: उत्पादक दरात तपासणीच्या खर्चापेक्षा पैसे अडकण्याची भीती जास्त मिळवतो. बिल केव्हा निघेल हे नक्की असेल तर तो अटी सोसतो. छोट्या उत्पादकाला मारते ती बेफाम अट: तीन वर्षांची कोट्यवधींची उलाढाल दाखवा, अमुक देशाचे प्रमाणपत्र आणा. लॉट तपासणीची अट छोट्याला आणि मोठ्याला सारखीच लागू पडते. आपल्याकडच्या टेंडरांत पहिल्या प्रकारच्या अटी भरपूर असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या शोधाव्या लागतात, हे दुर्दैव.

साथीच्या घाईत कसले करार, असेही म्हटले जाते. घाईत अटी कमी कराव्यात, हे पटते. पण माल स्वीकारण्याची चाचणी घाईतही एका तासाची असते आणि दोष निघाल्यास बदलून देण्याच्या वाक्याला शाई तेवढीच लागते.

पट्टीपेक्षा यंत्राचा करार लांबतो, कारण यंत्र दहा वर्षे चालवायचे असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद केली तेव्हा 29 राज्यांतल्या 29,115 केंद्रांवर सुमारे साडेसात लाख उपकरणे सापडली आणि राज्याराज्यांत 13 ते 34 टक्के बंद पडलेली होती. त्यावर उपाय म्हणून देखभालीचे काम खासगी संस्थांना करारावर देण्याचा कार्यक्रम आला आणि त्यात यंत्र चालू राहण्याची हमी घातली गेली: जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, सामुदायिक केंद्रात 90, प्राथमिक आरोग्य केंद्रात 80. ‘वेळेत दुरुस्ती करावी’ या गुळमुळीत वाक्यापेक्षा हा मोजता येणारा आकडा कितीतरी बरा. पण आकड्यांचा उतार पाहा. 95 टक्के म्हणजे वर्षात यंत्र अठरा दिवस बंद चालेल. 80 टक्के म्हणजे त्र्याहत्तर दिवस. बालाघाट शहरातला रुग्ण यंत्र बंद असेल तर गोंदियाची गाडी पकडू शकतो. बिरसाच्या आतल्या गावातल्या बाईला प्राथमिक केंद्र हेच एक ठिकाण असते, आणि करार तिच्या बाबतीत अडीच महिन्यांची सूट कंत्राटदाराच्या नावावर लिहून देतो. अंतर जास्त, मेकॅनिकला पोहोचायला वेळ लागतो, म्हणून हमी कमी, हा हिशेब कंत्राटदाराच्या सोयीचा आहे. दूरच्या केंद्रात जादा यंत्र ठेवायची अट घालून तो उलटा मांडता आला असता, आणि त्याचा खर्च दरात आधीच दिसला असता.

आता या जंगलपट्ट्यात दुसरी मोठी खरेदी चालू आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातच, शहडोलला सुरू झाली. आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. स्वस्तातली जुनी चाचणी रक्त द्रावणात मिसळून गढूळपणा पाहण्याची. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर चालत नाही, कारण बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन अजून भरलेले असते. या चाचणीचे किट पूर्ण परवानाधारक असू शकते, पाचव्या अनुसूचीतल्या प्रत्येक नोंदीसह बनलेले असू शकते, आणि तरी नवजात बाळांच्या तपासणीसाठी ते मागवणारे टेंडर चुकीचेच असेल. कोणत्या वयासाठी, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी, आणि ‘आहे’ निघाल्यावर पक्क्या तपासणीचा नमुना कुठल्या प्रयोगशाळेत किती दिवसांत जाणार, ही तीन वाक्ये उत्पादक लिहीत नाही आणि परवाना देणाराही लिहीत नाही. ती लिहायची जागा फक्त मागणीपत्रात आहे, आणि जिल्ह्यातून वर जाणाऱ्या मागणीपत्रात आजही बहुधा दोनच रकाने भरलेले असतात: वस्तूचे नाव आणि नग.